दाखव की अंगठा!

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी पाहुणे आले, चहा झाला, बोलणं जरा थंडावलं, की वडील मला माजघरातून हाक मारायचे. "ये गं, दाखव की अंगठा!" मी सात-आठ वर्षांची असेन. फ्रॉकला हात पुसत बाहेर यायची आणि माझा कार्यक्रम सुरू व्हायचा. आधी मनगट खाली मुडपून अंगठा हाताच्या आतल्या अंगाला टेकवायचा. मग करंगळी मागे उलटी करायची, पार उभी. मग हात ताणून कोपर उलट्या बाजूला वाकवून दाखवायचं, आणि तसंच गुडघ्याचं. शेवटी पाय ताठ ठेवून खाली वाकायचं आणि दोन्ही तळवे फरशीवर सपाट ठेवायचे. पाहुण्या बायकांच्या तोंडून "अगं बाई!" निघायचं. कुणी हातावर लिमलेटची गोळी ठेवायचं. वडिलांच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक असायचं, की ते पाहण्यासाठी मी दिवसातून दहा वेळा वाकले असते.

आजी तेवढी उंबऱ्यात बसून म्हणायची, "पोरीची हाडं हैत का लोणी?" तिच्या बोलण्यात मला तेव्हा कौतुकच ऐकू यायचं.

शाळेत योगासनांच्या स्पर्धा असायच्या. चक्रासन, हलासन, धनुरासन, सगळ्यांत मी पहिली. त्यासाठी फार सराव केल्याचं आठवत नाही. इतर मुली महिनाभर घाम गाळायच्या आणि मी सहज जाऊन वाकून यायची. बाई वर्गासमोर म्हणायच्या, "बघा, शरीर कसं लवचिक हवं!" लवचिक हा शब्द माझ्यापुरता तेव्हा सोन्याचा होता. त्याच गोष्टीला मराठीत 'सैल' असाही एक शब्द आहे. तो माझ्या वाट्याला यायला बरीच वर्षं लागली.

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मला कळलं, की पाहुण्यांसमोर मी जे पाच प्रकार करून दाखवायचे, नेमके तेच पाच जगभरातले डॉक्टर सैल सांधे ओळखण्यासाठी तपासतात. त्याला बेटन स्कोअर म्हणतात. दोन करंगळ्यांचे दोन गुण, अंगठ्यांचे दोन, कोपरांचे दोन, गुडघ्यांचे दोन आणि तळवे जमिनीला टेकले तर एक, असे एकूण ९. करंगळी ९० अंशांपलीकडे मागे जायला हवी, कोपर आणि गुडघा १० अंशांपेक्षा जास्त उलटे वाकायला हवेत. १९७३ साली पीटर बेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाना लोकांचे सांधे तपासताना ही मोजणी वापरली आणि पुढे ती सगळीकडे गेली. ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमची बाहेरची खोली आली. कोचावरच्या विणलेल्या आच्छादनासकट.

पण या हकिकतीची सुरुवात अंगठ्यापासून झाली नाही, जबड्यापासून झाली.

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीकराला या महिन्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. कृष्णा गावात शिरली तेव्हा आम्ही जमेल तेवढं सामान माळ्यावर टाकलं आणि मिरजेला मावशीकडे गेलो. घरात किती पाणी चढलं असेल, कपाटातल्या वह्या वाचल्या असतील का, शाळेचं काय झालं असेल, या विचारात रात्री झोप लागायची नाही. लागली तरी दात एकमेकांवर इतके घट्ट आवळलेले असायचे, की सकाळी कानशिलं ठणकायची. अशाच एका पहाटे मला जांभई आली. मोठी, पोटातून आलेली. तोंड उघडलं ते मिटेचना.

पहिले काही क्षण मला वाटलं, आता मिटेल. ते दोन्ही बाजूंनी अडकलं होतं. हनुवटी पुढे आलेली, कानांच्या पुढे बोट ठेवलं तर तिथे खळगा लागत होता आणि तोंडातून लाळ गळत होती. मी मराठी शिकवते. वीस वर्षं मी मुलांना ओष्ठ्य वर्ण शिकवलेत: प, फ, ब, भ, म. ओठ मिटल्याशिवाय ते निघत नाहीत, म्हणून वर्गात प्रत्येकाला स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायला लावते. त्या पहाटे मला मावशीला हाक मारायची होती आणि 'म' निघत नव्हता. 'आई' म्हणू गेले तर 'ई'सुद्धा होईना. माझ्याजवळ फक्त एकच स्वर उरला होता, आ. त्या 'आ'नेच मी नवऱ्याला उठवलं.

आमच्याकडे पूर्वीपासून म्हणतात, दुखणं हाताबाहेर गेलं की "मिरजेला न्या." डॉ. वानलेस यांनी १८९४ च्या सुमारास इथे दवाखाना उभा केला, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसं मिरजेला येत राहिली. आम्ही पुरामुळे आधीच मिरजेत होतो, हे नशीबच. एका दवाखान्यात रात्रपाळीचा तरुण डॉक्टर होता. त्याने मला बुटक्या स्टुलावर बसवलं, डोकं भिंतीला टेकवलं आणि स्वतःच्या दोन्ही अंगठ्यांना गॉज गुंडाळलं. जबडा जागेवर येताना दात खाडकन मिटतात आणि अंगठे सापडतात, म्हणून. मग अंगठे माझ्या खालच्या शेवटच्या दाढांवर ठेवून त्याने जबडा आधी खाली दाबला आणि मग मागे ढकलला. कानात 'कट' असा आवाज झाला. मी तोंड मिटलं आणि पहिला शब्द उच्चारला, "बापरे." ब आणि प, दोन्ही ओष्ठ्य.

या पद्धतीला आजही प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसचं नाव आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातही हनुसंधी, म्हणजे जबड्याचा सांधा, निखळल्यावर काय करावं, ते दिलंय. हाडं जागेवर आणावीत, शेकावं आणि पंचांगी नावाची पट्टी बांधावी. माझ्याही हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली होती. पट्टी बांधता बांधता डॉक्टर म्हणाला, "तीन आठवडे तोंड मोठं उघडायचं नाही. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची." मग त्याने विचारलं, "याआधी कधी अडकला होता?"

मी नाही म्हटलं आणि मग थांबले. असा नव्हता अडकला. पण वीस-बावीस वर्षांपासून मोठा घास घेताना उजवीकडे काहीतरी सरकायचं, क्षणभर थांबायचं, आणि मी जबडा जरा तिरका फिरवला की परत बसायचं. दिवसातून कितीदा तरी. त्याला अर्धवट निखळणं म्हणतात, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांचंच असं होत असेल. आपलं शरीर जन्मापासून आपल्याबरोबरच असतं. ते कधी दुसऱ्याच्या शेजारी ठेवून तपासता येत नाही.

वाचणाऱ्यांनी एक करून पाहावं. दोन्ही कानांच्या अगदी पुढे, पाळीच्या वरच्या अंगाला बोटं ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. सुरुवातीला हाड जागच्या जागी फिरतं, दाराच्या बिजागरीसारखं. पण थोडं उघडल्यावर ते पुढे सरकायला लागतं. बोटाखालून ते निघून जाताना कळतं. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही सांध्याला दोन्ही कामं इतकी सरावानं करावी लागत नाहीत. त्यात आणखी अवघड गोष्ट म्हणजे खालचा जबडा हे एकच हाड आहे आणि त्याला दोन टोकांना दोन सांधे. एक हलला की दुसऱ्याला हलावंच लागतं. उजवीकडे दुखतं म्हणून उजव्या बाजूला आराम द्यायचा, ही सोयच नाही.

कवटीच्या खोबणीत जबड्याच्या हाडाचं गोल डोकं बसलेलं असतं. खोबणीच्या पुढे एक उंचवटा असतो. तोंड पूर्ण उघडताना ते डोकं उतारावरून घसरत उंचवट्याच्या टोकापर्यंत येतं, काहींचं थोडं पुढेही जातं आणि गुमान परत येतं. ज्यांच्या सांध्याचे बंध सैल असतात त्यांचं जास्त पुढे जायला मोकळं असतं. आणि पुढे गेल्यावर जबडा मिटणारे स्नायू घाबरून आवळले, तर ते परत येऊच देत नाहीत. डोकं आणि खोबण यांच्यामध्ये एक चकतीही असते. तिला धरून ठेवणारे बंध ताणले गेले, की ती पुढे घसरते. तोंड उघडताना पुन्हा जागेवर येते तेव्हा 'टक' वाजतं. कधी ती जागेवर येतच नाही, मग तोंड दोन बोटंही उघडत नाही. जुनी माणसं ज्याला दातखीळ बसली म्हणतात, त्यातलीच ही एक तऱ्हा. म्हणजे सैलपणामुळे तोंड मिटेनासंही होतं आणि उघडेनासंही.

मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, स्वतःची तीन बोटं उभी राहतील इतकं. माझं नंतर मोजलं तेव्हा ५८ भरलं. चार बोटं आरामात. कॉलेजात असताना मी अख्खं सफरचंद तोंडात धरून दाखवायचे. तोही एक कार्यक्रमच होता.

नुसता टक आवाज येणं हा आजार नव्हे, हे इथे मुद्दाम सांगते, कारण हे वाचून कुणी उद्या सकाळी दवाखान्यात धावायला नको. पुष्कळ लोकांचे जबडे वाजतात. दुखत नसेल, अडकत नसेल, तर त्याला हात लावायचा नसतो. तसेच सैल सांधेही पुष्कळांचे असतात, लहान मुलांचे आणि बायकांचे जास्त, आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. नाचणाऱ्यांना, कसरत करणाऱ्यांना तर तो उपयोगाचा असतो. सैल सांध्यांमुळेच जबडा दुखतो का, यावरचे अभ्यासही एका सुरात बोलत नाहीत. काहींत संबंध दिसतो, काहींत तितकासा नाही. मी फक्त माझ्या शरीराबद्दल बोलते आहे, आणि माझ्या शरीरात या दोन्ही गोष्टी एकाच घरात राहतात.

माझं खरं दुःख निखळण्याचं नाही. ते पाच मिनिटांत बसलं. दुःख त्याआधीच्या वीस वर्षांचं आहे.

आधी कान. पंचविशीत कान दुखायला लागला, आत काहीतरी कोंबल्यासारखं. कानाच्या डॉक्टरांनी आत पाहिलं, कान स्वच्छ. थेंब दिले. १९३४ साली कॉस्टेन नावाच्या अमेरिकेतल्या कानाच्याच एका डॉक्टरने लिहून ठेवलंय, की कानाच्या कितीतरी तक्रारी जबड्याच्या सांध्याशी जोडलेल्या असतात. त्याने दिलेली कारणं पुढे टिकली नाहीत. पण कान दुखतो म्हणून आलेल्या माणसाचा जबडा चाचपून पाहावा, ही गोष्ट खरीच ठरली. माझा जबडा कुणी चाचपला नाही. मग डोकेदुखी, त्याच्यासाठी चष्मा बदलला. मग मान. मग अक्कलदाढ, "हीच कारण आहे, काढून टाकू."

दाढ काढताना दिलेल्या इंजेक्शननं मला भूल चढली नाही. मी हात वर केला. "एवढं दुखत नसतं, मन घट्ट करा," असं ऐकू आलं. आणखी एक इंजेक्शन दिलं, तेही अर्धवटच. पाऊण तास तोंड पूर्ण उघडं होतं, मध्ये एकदाही मिटू दिलं नाही. घरी येताना रिक्षात रडले, ते दुखण्यापेक्षा लाजेनं. इतक्या साध्या गोष्टीत मी इतकी भित्री कशी, या लाजेनं. सैल सांध्यांच्या काही लोकांमध्ये भूल देणारी इंजेक्शनं नीट काम करत नाहीत, असं वैद्यकीय लेखनात नोंदवलेलं आहे. ते मी वाचलं तेव्हा दाढ काढून चौदा वर्षं झाली होती. पण ती लाज त्या दिवशी माझ्या अंगावरून उतरली. एखाद्या ओळीनं इतकं हलकं वाटावं, असं कवितेच्या बाहेर माझ्या बाबतीत क्वचितच घडलंय.

अंगठा दुखतो म्हणून हाडांचे डॉक्टर, कान दुखतो म्हणून कानाचे, दाढ म्हणून दातांचे. प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की यात काही नाही. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ. शेवटी उरतं ते "टेन्शन घेऊ नका." मी किती वर्षं टेन्शन न घेण्याचा प्रयत्न करत होते! घरातल्यांनीही तेच ऐकलं, आणि हळूहळू मीही मानलं, की दुखणं माझ्या स्वभावातच आहे.

सगळे तुकडे एकत्र जोडले ते सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका फिजिओथेरपिस्टने, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलीने. पूर ओसरला, घरातला चिखल काढून झाला, पट्टीही सुटली होती. जबड्याचे व्यायाम शिकायला गेले होते. खुर्चीवर बसून मी माझी माहिती सांगत होते आणि ती माझ्या पायांकडे पाहत होती. एक पाय दुसऱ्याभोवती वेलीसारखा दोनदा गुंडाळून मी बसले होते. मी नेहमी अशीच बसते. ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू? लहानपणी तुम्ही अंग वेडंवाकडं वाकवून मैत्रिणींना, पाहुण्यांना दाखवायचात का?"

मी काही बोलू शकले नाही. नुसती मान हलवली.

हा प्रश्न तिच्या मनचा नव्हता. सैल सांधे ओळखण्यासाठी हकीम आणि ग्रॅहम या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये पाच प्रश्न मांडले. तळवे जमिनीला टेकतात किंवा कधीकाळी टेकायचे का, अंगठा हाताला लागतो किंवा लागायचा का, लहानपणी शरीर वाकवून दुसऱ्यांची करमणूक करत होता का, खांदा किंवा गुडघ्याची वाटी एकाहून जास्त वेळा निखळली होती का, आणि स्वतःला फार लवचिक समजता का. दोनांना 'हो' आलं तरी पुढे तपासावं, असं ते म्हणतात. माझ्या वडिलांचं कौतुक, ती लिमलेटची गोळी, उंबऱ्यात बसलेली आजी, हे सगळं तिसऱ्या प्रश्नात बसत होतं.

तिने बेटन मोजला. नऊपैकी सहा. आता तळवे टेकत नाहीत, गुडघेही पूर्वीसारखे उलटत नाहीत. वयानं सांधे आपोआप आखडतात. मोठ्या माणसात पन्नाशीपर्यंत पाच गुण पुरेसे मानतात. एक गोष्ट मात्र तिने कागदावर रेघ मारून दाखवली. या नऊ गुणांत जबडा नाहीच. खांदाही नाही, घोटाही नाही. जो सांधा मला वीस वर्षं छळत होता, त्याला मोजपट्टीवर जागाच नव्हती. तो शोधायचा तर अंगठ्यावरून मागे मागे यावं लागतं.

पुढे मिरजेत तपासण्या झाल्या. कातडी ताणून पाहिली, जखमांचे व्रण पाहिले, हृदयाची सोनोग्राफी केली. हे सगळं एलर्स-डॅनलॉस सिंड्रोम आहे का, ते पाहण्यासाठी. एडवर्ड एलर्स डेन्मार्कचे, अ‍ॅन्री डॅनलॉस फ्रान्सचे. एकाने १९०१ मध्ये, दुसऱ्याने १९०८ मध्ये अशा रुग्णांबद्दल लिहिलं. २०१७ च्या वर्गवारीत याचे १३ प्रकार केलेत. शरीराला बांधून ठेवणारं जे कोलॅजन, त्यातच कुठेतरी वीण वेगळी असते. सांध्यांच्या सैलपणाचा जो प्रकार सर्वांत जास्त दिसतो, नेमकं त्याचंच जनुक अजून हाती लागलेलं नाही. माझं त्या निकषांत पूर्ण बसलं नाही. कागदावर आलं, हायपरमोबिलिटी स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणजे सैल सांध्यांमुळे होणारा त्रास. नाव लांबलचक आहे. पण ते मिळालं त्या दिवशी मी घरी येऊन साखर घालून शिरा केला.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त गोंधळात टाकलं होतं, ती सांगते. मला कधीच सैल वाटत नव्हतं. मला आखडल्यासारखं वाटायचं. मान आखडली, खांदे आखडले, गाल दगडासारखे. म्हणून मी ताणायची. सकाळी उठून मान कडाकडा मोडायची, जबडा डावी-उजवीकडे फिरवून वाजवायची. क्षणभर बरं वाटायचं आणि संध्याकाळी दुप्पट दुखायचं. भेटणारा प्रत्येक जण सांगायचा, योगासनं कर, स्ट्रेचिंग कर. आणि मी, आसनांत पहिली येणारी, आणखी ताणायची.

त्या मुलीने समजावलं ते असं. बंध सैल असले, की सांधा धरून ठेवण्याचं काम स्नायूंवर पडतं. दिवसभर पहारा. दोऱ्या ढिल्या असलेला मांडव माणसांनी हातांनी धरून ठेवावा, तसा. ती माणसं थकणारच, त्यांचे हात आखडणारच. आणि आपण त्यांनाच सांगतो, हात सोडा, ताणा. शिवाय सांधा कुठे आहे, किती वाकलाय, याची बातमी मेंदूला त्या बंधांमधूनही जात असते. ती बातमी पुसट जाते. मी दाराच्या चौकटीला खांदा आपटत फिरते, कप निसटतो, त्याचं कारण वेंधळेपणा नव्हतं. (आईने मला लहानपणी किती वेळा 'धांदरट' म्हटलं असेल! तिला हे सांगायला हवं होतं. ती आता नाही.)

तेव्हा ताणणं बंद आणि बळ वाढवणं सुरू. जबड्यासाठी तिने मला पहिला धडा दिला तो माझ्याच विषयातला निघाला. "मॅडम, 'न' म्हणा आणि जीभ तिथेच ठेवा." वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूला टेकलेली जीभ. दात एकमेकांपासून किंचित सुटे, ओठ मिटलेले. जबड्याची विश्रांतीची जागा ती. जीभ तिथे ठेवून तोंड उघडलं, तर ते ठरावीक हद्दीपलीकडे उघडतच नाही. जांभईसुद्धा तशीच द्यायची. सहा व्यायाम, प्रत्येक सहा वेळा, दिवसातून सहादा. मी वर्ग सुटल्यावर स्टाफरूममध्ये, फळा पुसताना, एस.टी.त खिडकीशी बसून करते. वर्गात वाचून दाखवताना 'आ' थोडा कमी उघडते. मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवायला तोंड मोठं करावं लागत नाही, श्वास नीट सोडावा लागतो, हे मला वीस वर्षांच्या नोकरीनंतर समजलं. दातांच्या डॉक्टरकडे गेले, की आधीच सांगते: दर पाच मिनिटांनी तोंड मिटू द्या, भुलीला जास्त वेळ द्या. आताचे डॉक्टर ऐकतात. एकाने तर वही काढून लिहून घेतलं.

दात घासून कमी करणं, जबड्याची शस्त्रक्रिया, असले सल्लेही मिळाले. जे केल्यावर परत मागे येता येत नाही, ते आधी करायचं नाही, हे मी त्या मुलीकडून शिकले. चार वर्षांत त्यातलं काही मला करावं लागलेलं नाही.

खाण्यापिण्याचं मात्र सोपं गेलं नाही. सांगलीत राहून भडंग सोडायचं! कुणाकडे गेलं तर बशीत आधी तेच येतं, खरपूस, लसणाचं, वर शेंगदाणे. थंडीत हुरडा, भाजलेली कणसं. आणि ऊस. गळीत हंगाम सुरू झाला, की रस्त्याने ट्रॅक्टर जायचे आणि आम्ही मुलं मागे धावून कांडं ओढायचो. दातांनीच साल सोलायची, पेर मोडायचं, चावून चोथा थुंकायचा. माझा जबडा त्या उसातच पहिल्यांदा थकला असणार, पण तेव्हा थकणं आणि गोडवा वेगळे कळत नव्हते. आता माझ्या ताटात ज्वारीच्या कण्या असतात, मऊ भात, ताकात कुस्करलेली भाकरी. आजीचं शेवटच्या वर्षांतलं ताट अगदी असंच होतं.

आजी मला याच सगळ्यात नव्यानं भेटली. तिचा खांदा उतरायचा. आडाचं पाणी शेंदताना, वरची डबी काढताना. ती दाराच्या चौकटीला हात धरून विशिष्ट तऱ्हेनं वाकायची आणि मग म्हणायची, "उतरला हुता, बसवला." आणि भाकऱ्या थापायला बसायची. उभी राहिली की तिचे गुडघे मागे धनुष्यासारखे वाकलेले दिसायचे. आम्ही तिच्या चालीची नक्कल करायचो. आणि तिला जांभई आली, की ती डाव्या हाताची मूठ हनुवटीखाली गच्च धरायची, आणि उजव्या हाताने चुटकी वाजवायची. चुटकी सगळेच वाजवतात, म्हणून त्या मुठीकडे माझं कधी लक्ष गेलं नाही. मला वाटायचं, तीही एक रीतच असेल. मिरजेच्या दवाखान्यात तो तरुण डॉक्टर "हनुवटीखाली मूठ धरायची" म्हणाला, तेव्हासुद्धा लक्षात आलं नाही. कितीतरी महिन्यांनी, एका दुपारी पेपर तपासताना जांभई आली, मी मूठ धरली, आणि समोरच्या आरशात मला आजी दिसली.

तिचंही कधी निखळलं असेल का? तिला कुणी, कुठे नेलं असेल? का तिने स्वतःच बसवला असेल, खांद्यासारखा, आणि कुणाला सांगितलंही नसेल? "पोरीची हाडं हैत का लोणी?" ती म्हणायची, तेव्हा तिच्या आवाजात काय होतं, ते आता आठवून पाहते. कौतुक नव्हतं ते. ती माझ्याकडे बघून विचारात पडलेली असायची.

गेल्या डिसेंबरात भाऊ पुण्याहून आला. त्याची मुलगी नऊ वर्षांची. जेवणं झाली, बाहेरच्या खोलीत सगळे बसले होते, आणि भाऊ म्हणाला, "आत्याला दाखव की अंगठा!"

तिने दाखवला. सहज, दुसऱ्या हाताची मदतही फारशी न घेता. करंगळी. कोपर. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. मी ते पाहणं ओळखते. टाळी न वाजवता त्या नजरेला उत्तर देणं फार कठीण होतं. मी तिला जवळ बोलावलं आणि म्हटलं, "चल, ऊस खायचाय?"

मागच्या अंगणात बसून मी कोयत्याने कांडं सोललं आणि विळीवर करवे केले, लहान लहान, बोराएवढे. ती म्हणाली, "एवढुस्से कशाला? मी दातांनी सोलते की." मी म्हटलं, आज असे खाऊन बघ. तिच्या शाळेबद्दल विचारलं. लिहून लिहून बोटं दुखतात, बाई म्हणतात आळशी आहेस, असं तिने ओघात सांगितलं. मी तिची पेन्सिल धरायची पद्धत पाहिली. अंगठा आतल्या बाजूला मोडून ती तो पेन्सिलीवर दाबत होती, तशीच, जशी मी दाबायचे. पेन्सिलीला जाड रबर गुंडाळून दिलं. भावाशी रात्री बोलायचं ठरवलं, आणि बोललेही. त्याने ऐकून घेतलं, मग बराच वेळ स्वतःचा अंगठा चाचपत बसला.

पण तेव्हा अंगणात ती करवा चघळता चघळता थांबली. "आत्या, तुझ्या कानाजवळ काहीतरी वाजतंय." मी तिचं बोट धरून माझ्या कानापुढे ठेवलं आणि तोंड हळू उघडलं, मिटलं. टक. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली. मग तेच बोट तिने स्वतःच्या कानापुढे नेलं, उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"माझं पण वाजतंय!"

"दुखतं का?"

तिने थोडा विचार केला. "नाही."

"अडकतं?"

"नाही."

"मग वाजू दे," मी म्हटलं आणि पुढचा करवा आणखी थोडा लहान केला.